दारापुढच्या चपला

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जायला ताईला खरं तर आवडायचं. एरवी तिथं इतका गोंगाट असायचा, की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी तिच्या ओठांकडे बघून बोलावं लागे. सुट्टीला मात्र सगळं शांत. उन्हाने तापलेला पत्रा मधूनच टकटक करायचा आणि कुठल्यातरी नळातून पाणी ठिबकायचं, एवढंच.

त्या दुपारचं काम तर अगदीच किरकोळ होतं. आदल्या दिवशी पाळी सुटता सुटता थोरली नावाच्या मोठ्या मशीनच्या साच्यात प्लॅस्टिकचा एक टब फाटला. अर्धा हातात आला आणि अर्धा आतच चिकटून बसला. तो काढायचा, साचा पुसून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या काम सुरू करता येईल, असं मालकांनी सांगितलं होतं आणि किल्ली ताईकडे दिली होती.

"तासाभरात येते गं," निघताना ताई आईला म्हणाली.

"तुझा तास मला माहीत आहे," कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली. "आणि त्या टिल्लूला ने सोबत. सकाळपासून नुसता लोळतोय."

टिल्लू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला, तरी नाव काही सुटलं नाही. तोही त्याच कारखान्यात होता, मागच्या शेडमध्ये. फुकट गेलेले टब तोडून तो दळायच्या मशीनमध्ये टाकायचा. त्याचा चुरा पुन्हा प्लॅस्टिकच्या नव्या दाण्यात मिसळला जायचा. "आमच्याकडे काही वाया जात नाही," तो ऐटीत सांगायचा, "एकदा आत गेलं ते फिरून फिरून आतच."

कारखान्यात टब काढायची मशीनं दोनच. छोटीला सगळे धाकटी म्हणत आणि मोठीला थोरली. थोरली होतीही तशीच, घरातल्या थोरल्या जावेसारखी. अवाढव्य, कायम कुरकुरणारी आणि जरा मनाविरुद्ध झालं की रुसणारी. वरून दाणा ओतायचा, तो आडव्या, तापलेल्या नळीत वितळायचा आणि जोराने साच्यात दाबला जायचा. साच्याचे दोन अर्धे. एक खोलगट, एक फुगीर. दोन्ही एकमेकांत घट्ट बसले की मधल्या फटीत टब तयार होई. मग फुगीर अर्धा मागे सरके आणि ताई दारातून हात घालून तो गरम टब ओढून काढे.

थोरलीचं बूड जमिनीत खड्डा करून बसवलेलं होतं. त्यामुळे सरकतं दार उघडून आत पाऊल टाकलं, की माणूस थेट त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये उभा राही. एखाद्या अरुंद कपाटात उभं राहावं तसा. दार उघडं असताना मशीन हलू नये म्हणून त्याला एक स्विच होता खरा. पण प्रत्येक टबाला तेवढा वेळ जातो, म्हणून तो कुणीतरी केव्हाच तारेने बांधून टाकला होता. तेव्हा दार उघडं आहे की मिटलेलं, यावरून काहीच कळायचं नाही. कळायचं ते चपलांवरून.

साच्यात शिरणाऱ्याने चपला दारापुढे काढायच्या. चपला दिसल्या की बटणाला हात लावायचा नाही. चपला नाहीत म्हणजे आत कोणी नाही. हा तिथला नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण बटण दाबण्याआधी प्रत्येकाची मान आपोआप खाली जायची.

हा नियम घालून दिला होता वस्तादांनी. साचे चढवायचं आणि उतरवायचं काम त्यांचं. त्यांनीच ताईला थोरली चालवायला शिकवलं होतं. आणि ते गेले तेही थोरलीतच. त्या दिवशी ते आत शिरले होते, चपला दारापुढे होत्या. झाडायला आलेल्या मावशींनी केराबरोबर त्या जरा भिंतीकडे लोटल्या. झाडून झाल्यावर परत ठेवायला त्या विसरल्या. चालवणाऱ्याने खाली पाहिलं, चपला दिसल्या नाहीत, त्याने बटण दाबलं. संपलं. त्यानंतर कितीही केर साचला तरी कुणी दारापुढच्या चपलांना केरसुणी लावली नाही. वस्तादांच्या चपला मात्र त्या गडबडीत कुठे गेल्या, ते कधीच कळलं नाही. त्यांना घरी नेलं तेही अनवाणीच.

ताई हे सगळं विसरली नव्हती. पण रोज ज्याच्याशी गाठ पडते त्याची भीती किती दिवस बाळगणार? दुपारच्या उजेडात तिने शटर वर ढकललं, थोरलीची नळी थोडी तापत ठेवली, कारण साचा कोमट असला की चिकटलेलं प्लॅस्टिक लवकर सुटतं. मग लाल बटण आत दाबून साचा हलवणारा पंप बंद असल्याची खात्री केली.

"मी मागे जाऊन ढीग संपवतो," टिल्लू म्हणाला. "झालं की हाक मार. आणि मला सोडून पळू नकोस, मागच्या वेळेसारखी."

"मागच्या वेळी तू झोपला होतास पोत्यांवर."

"झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो."

तो हसत मागे गेला. थोड्याच वेळात दळायचं मशीन सुरू झालं. घर्रर्र आवाजाने पत्रे थरथरायला लागले.

ताईने चपला काढल्या. साध्याच होत्या, चॉकलेटी, एका पट्ट्याला घरीच टाके घातलेले. डावीची टाच सुटत आली होती, चालताना फटक् फटक् वाजायची. दारापुढे त्या नीट जोडून ठेवून ती आत शिरली.

आत तेलाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास कोंडलेला होता. फुगीर अर्ध्यावर फाटक्या टबाची निळी कातडी ताणून बसली होती. ताई गुडघ्यांवर बसली आणि पितळेच्या पट्टीने तिची कड उचकटायला लागली. लोखंडी पट्टी साच्याला लावायची नाही. ओरखडा पडला तर पुढच्या प्रत्येक टबावर तो उमटतो. हेही वस्तादांनीच शिकवलेलं. पाठीमागच्या खोलगट अर्ध्याला आरशासारखी चकाकी होती. त्यात तिची पाठ वाकडीतिकडी, लांबलचक दिसत होती.

काम चांगलं चाललं होतं. निळी कातडी हळूहळू सुटत होती. तेवढ्यात बाजूला दाराची चाकं वाजली. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून कुणी खोलीचं दार ओढावं तसा तो आवाज झाला. उजेड एकदम कमी झाला.

"टिल्ल्या, दार कशाला लावलंस? अंधार झाला ना."

तिने मान न वळवताच पुन्हा हाक मारली.

"अरे, ऐकतोस का? उघड ते."

मग तिच्या लक्षात आलं. मागचं मशीन चालूच होतं. नुसतं चालू नव्हतं, मधून मधून त्याचा आवाज जड होऊन पुन्हा मोकळा होत होता. टबाचा तुकडा आत पडला की होतो तसा. म्हणजे टिल्लू तिथंच होता, तुकडे टाकत होता.

ताई हळूच वळली. दाराला मधोमध जाड प्लॅस्टिकची खिडकी होती, पण तेलाने आणि ओरखड्यांनी ती पिवळट, आंधळी झाली होती. तिच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. दाराला मूठ होती ती बाहेरच्या बाजूने. आतून धरायला काही नव्हतं. तिने दोन्ही तळवे दाराला लावून ते बाजूला रेटलं. रोज एका बोटाने सरकणारं दार तसूभर हललं नाही.

दाराखाली वीतभर फट होती, आतले तुकडे बाहेर झाडायला ठेवलेली. ताईने वाकून त्या फटीतून पाहिलं.

तिच्या चपला होत्या तिथंच होत्या. आणि त्यांच्यापाशी दोन पावलं उभी होती.

अनवाणी. राखेसारख्या रंगाची. टाचांच्या भेगांत काळं तेल भरलेलं. डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. ते नख साच्याची कड पडून गेलं होतं, तेव्हा रक्ताने भिजलेल्या त्या पायावर फडकं बांधलं होतं ते ताईनेच. ती पावलं ओळखायला तिला दुसरं काही लागलं नाही.



उजवं पाऊल उचललं गेलं. चपलेत शिरलं. मग डावं. चपला लहान होत्या. टाचा मागे बाहेर आल्या. पट्ट्याचा टाका ताणला गेल्याचा बारीक आवाजही तिला ऐकू आला. मागचं मशीन एवढं घरघरत असताना तो कसा ऐकू आला, कोण जाणे.

"आहेस ना आत...?"

आवाज दाराला अगदी चिकटून आला. ओळखीचा होता. दमलेला, जरा खरखरीत. पाळी संपवून निघताना दुसऱ्याला विचारतात ना, तसा.

ताईने तोंडावर हात दाबून धरला.

"आहेस... मग मी निघतो."

फटक्... फटक्... फटक्...

चपला थोरलीला वळसा घालून गेल्या. शटरपर्यंत गेल्या. मग उन्हात गेल्यासारखा तो आवाज विरून गेला. दारापुढे आता नुसती फरशी होती.

आणि नेमकं तेव्हाच मागचं मशीन थांबलं.

"टिल्लू!" आता ताईचा आवाज फुटला. "टिल्लू, इकडे ये! दार उघड!"

पण त्या आवाजाचं काहीतरी झालं. तो बाहेर गेलाच नाही. खोलगट अर्ध्यात शिरला, फिरला आणि तिच्याच कानावर परत येऊन आदळला. तिने पितळी पट्टी दारावर हाणली. ठण् वाजायला हवं होतं. गादीवर मारावं तसा नुसता थप् आवाज झाला.

टिल्लू आला. पिवळ्या खिडकीपलीकडे त्याची उंच सावली दिसायला लागली. तो अंगावरचा चुरा झटकत होता.

"ताई? झालं का गं?"

"टिल्लू, मी आत आहे! आत!"

सावली जवळ आली. त्याने खिडकीला कपाळ टेकवलं, डोळ्यांच्या बाजूंनी हात धरले आणि आत पाहिलं. दोघांमध्ये हातभरही अंतर नव्हतं. ओरखड्यांमधूनसुद्धा तिला त्याच्या भुवया, पापण्यांवर बसलेली निळी धूळ दिसत होती. ती खिडकीवर मुठी आपटत होती. टिल्लूची नजर तिच्यावरून सरकत गेली. रिकाम्या खुर्चीवरून सरकते तशी. मग त्याने मान खाली घातली आणि दारापुढची फरशी पाहिली.

"गेली वाटतं," तो स्वतःशीच म्हणाला. "कमाल आहे. सांगून तरी जायचं. वर मलाच म्हणते, झोपलास म्हणून."

आता तो काय करणार, ते ताईला पक्कं ठाऊक होतं. काम संपलं की साचा उघडा ठेवून जायचं नाही. पोलादाला हवा लागून गंज चढतो. पंप सुरू करायचा, साचा हळूच मिटवायचा, मग कुलूप. लहान भावाला हे तिनेच पढवलं होतं. आणि या बाबतीत तो कधी आळस करत नसे.

"नको रे... टिल्लू, नको..."

सावली बटणांच्या पेटीकडे सरकली. लाल बटण बाहेर ओढल्याचा खट् आवाज आला. मग पंप.

तो आवाज ताईने रोज ऐकला होता, पण बाहेरून. आतून तो आवाज नव्हताच. तळपायांतून वर चढणारी थरथर होती. गुडघे, मणके, दात, सगळं त्या लयीत हलायला लागलं. फुगीर अर्ध्याच्या मागे काहीतरी फुस्स करून सुटलं. तेल वाहतं झालं. अजून तो अर्धा हलला नव्हता. पंप लागला की थोरली क्षणभर दम धरायची. त्यानंतर टिल्लू दुसरं बटण दाबणार. आणि ते दाबण्याआधी त्याची मान पुन्हा एकदा खाली जाणार.

त्याला काही दिसायला हवं होतं. चपलांच्या जागी. पण तिच्याजवळ होतं काय? पितळी पट्टी? फडकं? आतला एखादा तुकडा बाहेर आला तर तो कचरा. कचऱ्याकडे कोण बघतं? त्या जागेवर माणूस असल्याची खूण एकच.

ताई जमिनीवर आडवी झाली. साच्याखाली मुठीएवढीच जागा होती, अंग त्यात मावत नव्हतं. पाठ फुगीर अर्ध्याला लागली, छाती खोलगट अर्ध्याला. तिने दोन्ही पाय दाराखालच्या फटीत घातले आणि रेटले. पत्र्याच्या कडेने घोटे सोलवटले. तिने आणखी रेटले. पावलं बाहेर, नेमकी चपला होत्या तिथं, एकमेकांना जोडून, तिने ठेवली. आणि वाट बघत राहिली.

पाठीमागचं पोलाद हललं.

एवढंसंच. पण ताईच्या बरगड्यांतून हवा निघून गेली. समोरच्या चकाकीत स्वतःचाच चेहरा तिच्या इतक्या जवळ आला, की त्याला डोळे उरले नाहीत, नुसता पांढरा ठिपका उरला.

मग किंकाळी ऐकू आली. तिची नव्हती, टिल्लूची होती. खट्. पंपाचा आवाज खाली खाली जात बंद पडला. दार एका झटक्यात उघडलं, रोजच्यासारखं, सहज.

"ताई! अगं... ताई!"

त्याने तिला काखेत धरून बाहेर ओढलं. दोघंही फरशीवर बसून राहिली. तिनेच त्याचे हात धरून ठेवले.

"मी पाहिलं होतं गं आत," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आईशप्पथ, पाहिलं होतं. कोणी नव्हतं. साचा रिकामा होता. बटण दाबतानाही सवयीने खाली बघितलं आणि... पाय. नुसते पाय."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तू पाहिलंस ते मी पाहत होते."

"आणि तुझ्या चपला कुठे आहेत?"

ताईने शटरकडे बोट दाखवलं. बाहेर रिकामा, पांढराफटक पडलेला रस्ता होता.

घरी परतताना तिने टिल्लूच्या चपला घातल्या आणि टिल्लू अनवाणी चालला. रस्ता तापला होता. तो उड्या मारत सावलीसावलीतून चालत होता आणि एरवी असतं तर ती पोट धरून हसली असती. वाटेत तिने त्याला सगळं सांगितलं. कोण होतं, तेही. त्याने मध्ये एकदाही थट्टा केली नाही.

दाराशी आल्यावर तोच आधी थांबला. त्याने तिचा दंड धरला.

उंबऱ्यापुढे चॉकलेटी चपला होत्या. टाके घातलेल्या. नीट जोडून ठेवलेल्या, पुढची टोकं घराकडे.

आई आतून म्हणाली, "हे काय, पुन्हा कधी बाहेर पडलीस? मघाशीच आलीस ना तू?"

"मी आत्ता येतेय आई."

"चल, काहीतरीच. तुझ्या चपलेचा फटक् फटक् मला कळत नाही होय? मी घड्या घालत होते म्हणून मान वर केली नाही. जेवतेस का विचारलं तर नुसतं हूं केलंस आणि गेलीस सरळ आतल्या खोलीत. म्हटलं दमली असेल, पडू दे."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. टिल्लूने बाहेरची काठी उचलली आणि काठीनेच ते ढकललं. खोली रिकामी होती. पलंग, कपाट, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. फक्त वास होता. तेलाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा.

"काहीतरी जळतंय का रे?" आईने विचारलं.

"नाही," दोघंही एकदम म्हणाली.

संध्याकाळी आई शेजारी गेली तशी टिल्लूने जुनी पिशवी आणली. "मी त्या चपला उचलतो आणि लांब नाल्यात टाकून येतो. कटकटच नको."

"हात लावू नकोस," ताई म्हणाली.

"का?"

"चपला नेल्या तर जाणारा जाईल कसा?"

ताईने घोट्यांवरच्या फडक्यांची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "आत असताना कसं वाटतं ते तुला माहीत नाही. आपण ओरडतो, आणि समोरचा आपल्याकडे बघून म्हणतो, कोणी नाही. मला तेवढाच वेळ काढावा लागला रे. ते कधीपासून तिथं आहेत..."

ती उंबऱ्यापाशी गेली, वाकली, आणि बोटांच्या टोकांनी चपला फिरवून ठेवल्या. टोकं बाहेर, रस्त्याकडे. घालून चालू लागायला सोप्या.

"वस्ताद," ती हळूच म्हणाली, "घरी जा आता..."

त्या रात्री तिघंही बाहेरच्या खोलीत झोपली. आत उकडतं, असं ताईने आईला सांगितलं. सकाळी टिल्लू सगळ्यांच्या आधी उठला आणि दार उघडून उभा राहिला. मग वळून असा हसला की कालपासून आवळलेला त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"गेल्या."

ताई धावत आली. उंबऱ्यापुढे काहीच नव्हतं.

"कुत्र्याने पळवल्या असतील," आई कुरकुरली. "उघड्यावर ठेवायच्याच कशाला?"

"असू दे आई, तिला नव्या आणू," टिल्लू म्हणाला. मग ताईच्या कानाशी येऊन कुजबुजला, "दारात चपला नाहीत. म्हणजे आत कोणी नाही. संपला विषय. आता हस की जरा."

ताईने हसून दाखवलं. कालही तो याच आवाजात बोलला होता. खिडकीला कपाळ टेकवून, तिच्याकडे बघत.

कामाला जायची वेळ होत आली होती. तिचे कपडे आतल्या खोलीतल्या कपाटात होते. तिने दार लोटलं. खिडकीतून कोवळं ऊन पलंगावर पडलं होतं, वासही आता येत नव्हता. फरशी सकाळच्या गारव्याने छान थंड होती. ती अनवाणीच कपाटापाशी गेली, कपडे काढले, वळली.

खोलीच्या मध्यावर तिच्या पायाला ऊब लागली.

ती थबकली. ऊन तिथवर पोचलं नव्हतं. तिने पाऊल बाजूला टाकलं. गार. पुन्हा तिथं टेकवलं. ऊबदार, साच्यातून नुकत्याच काढलेल्या टबाच्या बुडासारखी. त्या जागेला लागूनच तशीच दुसरी जागा होती. दोन्ही पावलाएवढ्या. तिच्या पावलापेक्षा मोठ्या. शेजारी शेजारी.

बाहेर आई टिल्लूला डबा विसरू नको म्हणून बजावत होती. टिल्लू काहीतरी विनोद करत होता. ताईने एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, आणि पाठ कपाटाला टेकली.

"वस्ताद...?" तिचे ओठ नुसते हलले.

खोलीत कोणी नव्हतं. तिने चारही कोपरे नीट पाहिले. पलंगाखाली पाहिलं. कोणी नव्हतं.

आणि तिच्या पायांच्या बोटांसमोरची गार फरशी हळूहळू कोमट व्हायला लागली.